निघोज्यातल्या बत्तीस तारा

१

रविवारी सकाळी साडेनऊला नागसेन निघोज्यात पोचला, तोवर चोरी उघडकीला आली होती आणि चोरही पकडून झाला होता. म्हणजे त्याच्यासाठी काही कामच उरलं नव्हतं. हे कोणी फोनवर सांगितलं असतं तर तो मोशीतल्या घरी पाय पसरून पडला असता. एक बस, दोन शेअर रिक्षा आणि वर अर्ध्या किलोमीटरची पायपीट; बासष्टाव्या वर्षी गुडघ्यांना रविवारची सुट्टी मिळत नाही.

अर्जुनरावांच्या फॅब्रिकेशन वर्कशॉपच्या फाटकाशी ही गर्दी जमली होती. पलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांमधून कामगार, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं, सगळे बाहेर आलेले. मधोमध वॉचमन विलास मातीत उकिडवा बसला होता. त्याच्या डोक्याशी उभा राहून गणराज तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं हवेत नाचवत होता. गणराज म्हणजे हॅम रेडिओ क्लबचा नवा सचिव, राहणार पिंपळे सौदागर, नोकरी आयटीत, आवाज पुढाऱ्याचा.

"ह्याच्या खोलीत सापडलं हे! बाकीचं भंगारात घातलं असणार. चोर आहे हा वॉचमन, चोर!"

जागा अर्जुनरावांची, त्यामुळे निकालही त्यांचाच. ते निघोज्यातले जुने रहिवासी; बोलणं कमी आणि एकदा बोलले की बदलणं नाही. "चार वाजेपातुर खोली खाली कर," ते विलासला म्हणाले. "तारा कुटं इकल्या त्ये सांगितलंस तर तेवढ्यावर सुटशील. न्हाई सांगितलंस तर चार वाजता पोलिसाला फोन."

खोलीच्या दारात विलासची बायको सरूबाई उभी होती. तिच्यामागे त्यांची मुलगी श्रद्धा, हातात भूगोलाचं पुस्तक. शुक्रवारपासून तिची दहावीची परीक्षा होती.

नागसेनने गर्दीला वळसा घातला आणि मागच्या मोकळ्या जागेत गेला. इथेच क्लबची अँटेना होती; नागसेन त्या क्लबचा जुना सभासद. परवाना काढून हौसेने जगाशी बोलणारी ही पंधरा-वीस माणसं. त्यांचा खास जीव एकशे साठ मीटरच्या पट्ट्यावर. रेडिओच्या भाषेत हा फार खालचा पट्टा. लाट एवढी लांब की अँटेनाच चाळीस मीटरची लागते: अर्धी खांबावरून सरळ वर, अर्धी आडवी पलीकडच्या निलगिरीपर्यंत. आणि तिला भक्कम पाय मिळावेत म्हणून गवताखाली चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या बत्तीस तांब्याच्या तारा. महिनाभर जपान, ऑस्ट्रेलिया कोणी उत्तर देईना, म्हणून आज जमीन उकरून बघायचं ठरलं होतं. उकरलं तर जवळजवळ सगळीकडे नुसती माती.

खांबाच्या बुंध्याशी प्लास्टिकची पेटी होती. सगळ्या तारा तिथे एका तांब्याच्या कड्याला नट-बोल्टने जोडलेल्या असत. नागसेन गुडघा धरून खाली बसला आणि त्याने झाकण काढलं. चार तारा जागेवर होत्या. उरलेले अठ्ठावीस बोल्ट रिकामे होते, पण रिकाम्या बोल्टवर वायसर होता, वायसरवर नट आवळलेला होता आणि गंज चढू नये म्हणून प्रत्येक नटावर बोटाने व्हॅसलीन फासलेलं होतं.

कंपनीच्या मेंटेनन्समध्ये तेहतीस वर्षं काढलेल्या नागसेनने बऱ्याच चोऱ्या पाहिल्या होत्या. चोर कटर मारतो आणि पळतो. मालकाच्या नटांची एवढी काळजी घेणारा चोर त्याला आजवर भेटला नव्हता.

२

विलासची खोली म्हणजे दहा बाय दहाचा पत्रा. सरूबाईने भांडी गोणपाटात भरायला घेतली होती. नागसेनला तिने बसा म्हटलं नाही आणि त्याने तशी अपेक्षाही केली नव्हती. तो उंबऱ्यावर टेकला.

"ते भेंडोळं कुठलं?"

"फ्यानचं हाय, सायेब," विलास म्हणाला. परभणीकडचा हेल, खाली मान. "फ्यान जळाला व्हता. वाइंडिंगवाल्यानं नवी तार भरली अन् जुनी मला देऊन टाकली. लेकराला उकडतंय अभ्यास करताना, म्हनून दुरुस्त केला."

नागसेनने ते आधीच ओळखलं होतं. केसासारखी बारीक, वार्निश लावलेली तार; जमिनीतली तार जाड आणि हिरव्या प्लास्टिकची होती. पण एवढ्याने सुटका नव्हती. गणराज म्हणेल, ही फॅनची, आमची त्याने विकली.

"इथे कधी आलास?"

"पहिली तारीख. ह्याच महिन्याची, फेब्रुवारी. माझ्या आधीचा दिवाळीला गावी गेला तो वापस आलाच न्हाई म्हनत्यात."

"मागच्या बाजूला कोण कोण येतं?"

"कोणी न्हाई. मालकाचा हुकूम हाय, त्येंना ईचारल्याबिगर मागं सोडायचं न्हाई. एकदा हे गणराज सायेब आले व्हते, धा-बारा दिस झाले. गाडीत भरल्यालं पोतं व्हतं. म्या म्हनलं, मालकाला फोन लावा. तर म्हनले ऱ्हाऊ दे, आन् गाडी वळवून गेले."

म्हणजे गणराजचा राग तेव्हापासूनचा, नागसेनच्या मनात आलं. वॉचमनने सचिवाला अडवलं! पोत्याचा विचारही त्याने केला आणि सोडून दिला. चोर रिकामं पोतं घेऊन येतो आणि भरलेलं घेऊन जातो. भरलेलं घेऊन येणारा आणि भरलेलंच परत नेणारा माणूस कसला चोर?

सरूबाईने गोणपाटाची गाठ मारली. "सायेब, जमिनीत तारा हायेत हेच आमाला म्हाईत नव्हतं. आज उकरलं तवा कळलं. ज्येला म्हाईत न्हाई त्यो चोरी करंल कामून?"

तिने घड्याळाकडे पाहिलं. "साडेधा झाले. तुमी काय शोधणार हाव ते चारच्या आत शोधा."

३

अर्जुनरावांनी ऑफिसात चहा मागवला. नागसेनला बिनसाखरेचा लागतो हे त्यांच्या लक्षात होतं, आणि त्यामुळे पुढचा प्रश्न विचारणं त्याला आणखी जड गेलं.

"अर्जुनराव, ट्रेलर पार्किंगला ही जागा मागतायत असं ऐकलं."

"व्हय, मागत्यात. चाकणच्या गाड्यांना जागा पुरंना. मंग?"

"डिसेंबरात तुम्ही जेसीबी आणला होता."

अर्जुनरावांनी कप बशीत ठेवला. "म्हंजी म्या तुमच्या तारा उपटल्या? आन् गरिबाव घातलं?" ते उठले, नागसेनला दंडाला धरून खिडकीशी नेलं. जेसीबीने खणलेला गटाराचा चर भिंतीच्या पार पलीकडे होता, अँटेनाच्या जवळपासही कुठे येत नव्हता. "मपल्याला जागा पायजे असती तर खांबच काढा म्हनलो असतो. तोंड हाय ना मला? आन् जेसीबीनं तार काढली तर नट ऱ्हातो व्हय जाग्याव?"

तेही खरंच होतं. जेसीबीला व्हॅसलीन लावायची सवय नसते.

"मग विलासने केली असं तुम्हाला कशावरून वाटतं?"

अर्जुनराव खुर्चीत बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. "मला काय कळतंय तुमच्या रेडिओतलं? तुमचा सचिव शिकल्याला माणूस. त्यो म्हनला चोर, म्या म्हनलो चोर." त्यांनी कपाटातून जुनी वही काढून त्याच्यापुढे सरकवली. "ही तुमची अँटेनाची वही. काय सापडतंय का बघा. मला बी चार वाजायची घाई न्हाई झालेली, नागसेनभाऊ."

४

साक्षी क्लबची लॉग सांभाळायची, म्हणजे कोणत्या वेळी कोणत्या देशाशी बोलणं झालं त्याची नोंद. तिला मोर्सचा पहिला ठोका नागसेननेच शिकवला होता. ती वर्कशॉपच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती.

"काका, मला नाही वाटत त्याने केलं असेल," ती म्हणाली. "पण नाही वाटत हा काही पुरावा नाही ना."

"शेवटचा जपान कधी?"

"सहा जानेवारी, संध्याकाळी. पाच स्टेशनं मिळाली होती. त्यानंतर एकही नाही. आपण सूर्याला दोष देत होतो. सूर्यावर डाग वाढले की खालचे पट्टे मरतात, तुम्हीच म्हणाला होता."

म्हणाला होता. जानेवारीपासून महिनाभर तो हेच म्हणत आला होता. सूर्य बिचारा काही बोलत नाही, त्याच्यावर ढकलायला सोपं. विलाससारखंच.

"सहा तारखेला तारा असणारच. मग गेल्या कधी?" साक्षी म्हणाली. "विलास एक तारखेला आला. मधले तीन-साडेतीन आठवडे इथे वॉचमनच नव्हता. पण गणराज म्हणेल, जपान सूर्यामुळे गेला आणि तारा विलासमुळे. दोन्ही वेगवेगळं."

ती बरोबर बोलत होती. लॉगवरून विलास सुटत नव्हता. नागसेनने वही उघडली.

अँटेनाचं माप एका आकड्यात घेतात. रेडिओने पाठवलेली ताकद अँटेनाने किती स्वीकारली आणि किती परत फेकली ते तो आकडा सांगतो. एक म्हणजे काहीच परत आलं नाही. वहीत दोन वर्षं तोच आकडा होता: एक पॉइंट आठ, एक पॉइंट आठ, पावसाळ्यात एक पॉइंट सात. मग गुरुवार, आठ जानेवारी. त्या एका दुपारी पाच नोंदी होत्या, सगळ्या गणराजच्या अक्षरात. एक पॉइंट आठ. एक पॉइंट सहा. एक पॉइंट चार. एक पॉइंट दोन. एक पॉइंट एक. शेजारी 'नवीन चोक बसवला' असा शेरा, म्हणजे अँटेनाच्या केबलवरची तारेची गुंडाळी बदलली, आणि मोठ्ठं उद्गारचिन्ह.

पुढच्या रविवारी गणराजने पेढे वाटले होते. दोन वर्षं जे कोणाला जमलं नव्हतं ते त्याने एका दुपारी केलं म्हणून त्याच बैठकीत तो एकमताने सचिव झाला. पुढच्या पानावर, त्या रविवारच्या एक पॉइंट एकच्या नोंदीखाली, 'तपासलं, उत्तम' असं लिहून खाली सही होती. सही नागसेनची होती.

त्याने ती सही बराच वेळ पाहिली. मग मागचं पान उलटून त्या पाच नोंदी पुन्हा वाचल्या. बारा वाजत आले होते.

"साक्षी," तो म्हणाला, "स्टोअरमध्ये हिरव्या तारेचं जुनं बंडल आहे. घेऊन ये. आणि सगळ्यांना मागे बोलव. गणराजला आधी."

५

तार अंथरायला दोन तास गेले. पंचवीस-पंचवीस मीटरचे आठ तुकडे कापायचे, गवतावरून ताणायचे, टोकाला रिंग दाबायची, बोल्टपाशी आणून ठेवायची. नागसेन प्रत्येक तारेला वाकत होता आणि प्रत्येक वेळी उठताना साक्षीचा हात धरत होता. विलास आपणहून पुढे आला आणि दुसरं टोक ओढायला लागला. कोणी त्याला नको म्हटलं नाही.

"सर, ह्याने काय सिद्ध होणार आहे?" गणराजने तिसऱ्यांदा विचारलं.

"बघ की." नागसेनने मापाचं यंत्र साक्षीच्या हातात दिलं. "आत्ता चार तारांवर किती?"

"एक पॉइंट एक."

त्याने चार नव्या तारा जोडल्या. "आता?"

"एक पॉइंट दोन... तीनच्या जवळ." साक्षीने यंत्र हलवून पुन्हा पाहिलं. नागसेनने आणखी चार जोडल्या. "एक पॉइंट चार. काका, हे तर बिघडत चाललंय."

"सुधारत चाललंय," नागसेन म्हणाला.

तो खांबाला पाठ टेकून उभा राहिला, कारण आता त्याला बसून उठणं शक्य नव्हतं. "अर्जुनराव, बुडाला भोक असलेली बादली नळाखाली लावली तर ती उतू जाते का?"

"न्हाई जात. खालनं गळंल."

"आम्ही फक्त उतू जातंय का तेवढं बघत होतो. ह्या बत्तीस तारा असल्या की अँटेनाची ताकद आकाशात जाते, आणि ह्या अँटेनाचा आकडा तेव्हा एक पॉइंट आठच येतो. तारा काढल्या की ताकद मातीत मुरते. मुरली की परत काही येत नाही. परत येत नाही म्हणून आकडा झकास दिसतो. आमची अँटेना आठ जानेवारीला सुधारली नाही. त्या दिवशी तिचे पाय काढले."

साक्षीने वही उघडून त्या पाच नोंदींवर बोट ठेवलं.

"चोकने असा पायरी-पायरीने आकडा उतरत नाही," नागसेन पुढे म्हणाला. "काही तारा काढ, माप घे. आणखी काढ, माप घे. मिळून पाच मापं. पान्याने, वायसर जागच्या जागी ठेवून, व्हॅसलीन लावून, जसं मीच शिकवलंय तसं. दिवस गुरुवार, म्हणजे वर्कशॉपची आठवड्याची सुट्टी. वॉचमन नाही. विलास तेव्हा परभणीत होता. तारा आठ तारखेला गेल्या हे आमच्याच वहीने लिहून ठेवलंय, आणि आम्ही त्यावर पेढे खाल्ले."

"पण मी चोरी केली नाही!" गणराज एकदम म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की चोरीचा आरोप त्याच्यावर अजून कोणी केलाच नव्हता.

नागसेनला ह्या क्षणी जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला फक्त पाणी हवं होतं. "नाही केलीस. तुला खरंच वाटलं, ह्या तारा अडचण करतायत. मग कुठे नेल्यास?"

"आमच्या सोसायटीच्या टेरेसवर." गणराजचा पुढारी आवाज कुठल्या कुठे गेला होता. "फुकट पडून राहतील म्हणून तिथल्या अँटेनाला वापरल्या. जपान बंद झाला तेव्हा शंका आली. मग वाचलं आणि कळलं. परत लावायला घेऊन आलो होतो, सर, देवाशपथ. पोत्यात भरून. पण तोवर हा इथे होता. मालकांना फोन करा म्हणाला. फोन केला असता तर सगळंच सांगावं लागलं असतं."

म्हणजे पोतं भरलेलंच होतं. वॉचमनने आपलं काम चोख केलं, म्हणून तारा परत आल्या नाहीत, आणि तारा परत आल्या नाहीत म्हणून वॉचमन चोर ठरला.

"आणि आज सकाळी?" साक्षीने विचारलं. "आज सकाळी तुला माहीत होतं, राव. भेंडोळं हलवत होतास तेव्हा तुला सगळं माहीत होतं!"

गणराज तिच्याकडे न बघता नागसेनकडे वळला. "सर, तुम्हीच शिकवलं होतं. काटा खाली म्हणजे अँटेना चांगली."

"शिकवलं होतं," नागसेन म्हणाला. "अर्धंच शिकवलं. उरलेलं अर्धं मला माहीत होतं, गणराज. त्या रविवारी मी आकडा बघितला आणि विचार केला, चला, एक गोष्ट तरी नीट झाली, आता घरी जाऊ. दमलो होतो. विचारायचं ते विचारलं नाही." त्याला स्वतःची मनापासून लाज वाटत होती आणि ती लपवायचंही त्राण नव्हतं. "पण माणसाला चोर म्हणायला मी कोणाला शिकवलेलं नाही."

६

तीन वाजून गेले होते. अर्जुनरावांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं, पंखा लावला, पाण्याचे ग्लास फिरवले. गणराजने विलासपुढे हात जोडले आणि सॉरी म्हटलं. तारा उद्या परत येतील, सचिवपदाचा राजीनामाही देतो, असं तो नागसेनला म्हणाला. अर्जुनराव विलासला म्हणाले, "तू कुटं जाऊ नगंस. खोली तुजीच हाय. चुकलंच आमचं."

विलास बरं म्हणाला. त्याच्या अंगाला अजून गवत चिकटलेलं होतं. त्याला इथून लवकर सुटायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं. नागसेननेही बसच्या वेळेचा हिशेब सुरू केला होता.

पण सरूबाई दारातून हलली नाही.

"चोर बाहेर म्हनले," ती म्हणाली. "फाटकापाशी. समद्या खोल्यांतली मानसं बोलवून. चोर न्हाई हे हितं, दार लावून?"

"मावशी, मी माफी मागितली ना," गणराज म्हणाला.

"मला माफी नको. माझी लेक उद्या नळावर पाण्याला जाणार हाय. शुक्रवारी ह्याच पोरींसंगं पेपरला बसणार हाय. तिला कोणी काय म्हनलं तर तुमी येणार हाव का तवा?"

मग अर्जुनराव उठले. "चला," ते म्हणाले. "समदे चला."

सकाळी जमलेली माणसं परत गोळा करायला वेळ लागला नाही. तमाशा अर्धवट राहिला की लोक फार लांब जात नाहीत. कामगार आले, बायका आल्या. श्रद्धा खोलीच्या दारातच थांबली. गणराज सकाळी उभा होता त्याच जागी उभा राहिला, पण आता हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"ऐका सगळ्यांनी," तो म्हणाला. "सकाळी मी जे बोललो ते खोटं होतं. तारा मीच नेल्या होत्या. ह्या वॉचमनने काही चोरलेलं..."

"वॉचमन न्हाई," सरूबाई म्हणाली. "नाव घ्या."

"विलासने काही..."

"हितं चार विलास हायेत. पुरं नाव घ्या."

गणराजने अर्जुनरावांकडे पाहिलं. पंधरा दिवस खोली देणाऱ्या, पगार ठरवणाऱ्या अर्जुनरावांनी खाली पाहिलं. मग त्याने नागसेनकडे पाहिलं. नागसेनने सकाळपासून त्या माणसाला वाचवण्यासाठी जिवाचं रान केलं होतं, गावाकडची बोली ओळखली होती, आल्याची तारीख विचारली होती. पूर्ण नाव मात्र त्यालाही सांगता येईना. त्याने ते विचारलंच नव्हतं.

विलास पुढे आला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याने मान वर केली होती.

"विलास रंगराव गिराम," तो म्हणाला.

गणराजने ते एकदा पुटपुटून बघितलं आणि मग मोठ्याने म्हटलं, फाटकापासून शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. 'ह्यांनी काही चोरलेलं नाही' हे पुढचं वाक्य बोलायला त्याला बराच वेळ लागला, आणि तोवर कोणीही जागचं हललं नाही.